एकाने वाचावे, वस्तीने ऐकावे

संध्याकाळचे साडेसात वाजलेले आहेत. सोयाबीनची सोंगणी करून आलेल्या मायबहिणी चुलीपुढे बसल्या आहेत. म्हातारी माणसे ओट्यावर आहेत. लहान पोरे अभ्यासाच्या नावाखाली मोबाईलमध्ये डोके घालून बसली आहेत. मग घरातला कमावता तरुण कुठे आहे? रिसोड तालुक्यातल्या केनवडला हा प्रश्न विचारा, नाहीतर वाशीम जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही गावाला विचारा. घरातली बाई तोंडाने उत्तर देत नाही. ती नुसती रस्त्याकडे बघते. रस्त्याच्या कडेला लाल-निळ्या दिव्यांची पाटी असते, आत पंखा फिरत असतो, बसायला खुर्ची असते आणि रात्री उशिरापर्यंत दार उघडे असते.

बारचे नाव काढले की आपल्या घरात कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या पडल्याच पाहिजेत. आठवड्याची मजुरी तिथे गेली, गळ्यातली पोत तिथे गेली, पोराची फी तिथे गेली, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच परवा माझ्या एका शिकलेल्या भाच्याने जेव्हा विचारले, "मामा, अमेरिकेत बारमध्ये दर महिन्याला कथा-कविता वाचतात, लोक गर्दी करून ऐकतात, आपल्याकडे असं का नाही?" तेव्हा मी आधी रागावलो. पंचशील घेणाऱ्या घरातला मुलगा बारचे गुणगान गातो म्हणजे काय! पण रागावून प्रश्न मिटत नाही. थोडी माहिती घेतली, जुनी पुस्तके काढली, आणि जे सापडले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

भाचा म्हणत होता ते खरे आहे. न्यूयॉर्क शहरात केजीबी नावाचा एक बार १९९३ साली सुरू झाला. ज्या इमारतीत तो आहे तिथे पूर्वी युक्रेनमधून आलेल्या डाव्या विचारांच्या कामगारांचा क्लब होता. त्या बारमध्ये लेखक येऊन आपले लिखाण वाचू लागले. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचे वाचन तर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी, असा दिवसच ठरून गेला. ऐकायला तिकीट नाही. एवढे वाचून मला वाटले की हा शिकलेल्या, पोट भरलेल्या लोकांचा शौक असेल. पण त्याच्या आधीच्या दोन गोष्टी वाचल्या आणि मत जरा बदलावे लागले.

पहिली गोष्ट प्वेर्तो रिकोच्या लोकांची. हे बेट अमेरिकेच्या ताब्यात. तिथली माणसे पोट भरायला न्यूयॉर्कला आली, पडक्या इमारतींत राहिली, हलकी कामे केली, त्यांच्या बोलीला गोरे लोक हसले. मिगेल अल्गारिन हा त्यांच्यातला एक शिक्षक आणि कवी. १९७३ साली त्याच्या घराच्या खोलीत हे कवी जमू लागले. खोली अपुरी पडली तेव्हा त्यांनी एक जुना आयरिश बार भाड्याने घेतला आणि तिथे कवितावाचन सुरू केले. पुढे त्यांनी स्वतःची इमारत घेतली. 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे' असे त्या जागेचे नाव. ज्या शब्दाने त्यांना हिणवले जाई, तोच शब्द त्यांनी आपल्या दारावरच्या पाटीवर लिहिला. 'दलित' हा शब्द छातीठोकपणे उच्चारणाऱ्या आपल्या लेखकांची इथे आठवण येते की नाही?

दुसरी गोष्ट शिकागोची. मार्क स्मिथ नावाचा बांधकामावर काम करणारा कामगार कविता लिहीत असे. विद्यापीठातली कवितावाचने त्याला रटाळ वाटत. कवी कागदात तोंड खुपसून पुटपुटतो आणि ऐकणारे जांभया देतात, हे त्याला सहन होईना. त्याने १९८४ साली एका छोट्या बारमध्ये कवितावाचन सुरू केले आणि १९८६ मध्ये ते 'ग्रीन मिल' नावाच्या जुन्या बारमध्ये नेले. दर रविवारी रात्री. नियम असा की परीक्षक म्हणून ऐकणाऱ्यांतलीच चार-पाच माणसे निवडायची. कोणी ड्रायव्हर, कोणी कारकून. त्यांनी कवीला दहापैकी गुण द्यायचे. कवी कितीही मोठा असो, लोकांना कळला नाही तर खाली बस! ही पद्धत पुढे जगभर पसरली.

आता विचार करा. हा कामगार बारमध्ये का गेला? दारूसाठी नव्हे. सभागृहाचे भाडे परवडत नव्हते, विद्यापीठाचे दार त्याच्यासाठी नव्हते आणि रात्री कामावरून सुटल्यावर जिथे दिवा चालू असतो, खुर्च्या असतात आणि आपल्यासारखीच माणसे असतात, अशी एकच जागा मोहल्ल्यात उरली होती. बारवाल्याने जागा दिली, कारण रिकाम्या रात्री त्याची गिऱ्हाइके वाढली. व्यवहार सरळ आहे.

आपली जागा कोणती होती?

आपल्या लोकांनाही सभागृह कोणी दिले नव्हते. गावाबाहेरच्या वस्तीला चावडीवर बसायची मुभा नव्हती, मग साहित्याच्या सभेत कोण बसवणार? आपल्या बापजाद्यांनी जागा शोधली ती वस्तीच्या मध्यभागातल्या मोकळ्या पटांगणाची. चार बांबू, एक गॅसबत्ती, ढोलकी, आणि झाला जलसा सुरू. भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३० नंतरच्या काळात महाराष्ट्रभर जागृती केली. त्यांनी 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात १९७८ साली तो इतिहास लिहून ठेवला आहे. बाबासाहेब आपल्या अनेक सभांच्या बरोबरीने एका जलशाला मानत, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. जलशाला तिकीट नव्हते, दारू तर नव्हतीच. उलट दारू पिऊन घर बुडवणाऱ्याची सोंगे काढून लोकांना आधी हसवायचे आणि मग खाली मान घालायला लावायचे, हे जलशाचे कामच होते.

आणि वाचन? वाचता येणारा वस्तीत एखादाच असायचा. 'मूकनायक' निघाला ३१ जानेवारी १९२० रोजी, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी. किती अंक खपले यावर जाऊ नका. एका अंकाभोवती वीस माणसे बसत. एकजण बोट ठेवून वाचायचा, बाकीचे ऐकायचे, आणि एखादे वाक्य पटले की "पुन्हा वाच" म्हणायचे. आपल्या समाजाने साहित्य आधी कानाने वाचले, डोळ्याने नंतर. माझ्या मते हा आपला कमीपणा नाही, ते आपले बळ आहे.

वामनदादा कर्डकांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, तरी मुलांसाठी पुन्हा सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव. जन्म १५ ऑगस्ट १९२२. तरुणपणी मुंबईला आले, गिरणीत आणि पडेल त्या कामावर राबले. एकदा एक माणूस पत्र घेऊन त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, एवढे वाचून दाखवा. वामनदादांना अक्षर येत नव्हते! अंगाने धडधाकट, कपडे नीट, म्हणून त्या माणसाला वाटले की हा शिकलेला असेल. वामनदादांना इतकी शरम वाटली की त्यांना रडू आले. मग देहलवी नावाच्या गुरुजींकडून त्यांनी बाराखडी घेतली आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या जोडत जोडत वाचायला शिकले. किराणा दुकानाची पाटी, केस कापायच्या दुकानाची पाटी, आणि हो, दारूच्या गुत्त्याची पाटीसुद्धा. एकाच पाटीवरून एक माणूस आत जाऊन बुडतो आणि दुसरा तीच पाटी वाचून शहाणा होतो.

१९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले आणि पुढची साठ वर्षे हा माणूस गावोगाव हिंडला. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कुठे गेला नाही! १५ मे २००४ रोजी ते गेले. जो माणूस दुसऱ्याचे पत्र वाचू शकला नाही, त्याची गाणी आज ज्यांना वाचता येत नाही त्या म्हाताऱ्या मायांना तोंडपाठ आहेत. ऐकण्याची ताकद ती हीच.

मुंबईतही हेच घडले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात अण्णाभाऊ साठे राहिले, बाबुराव बागूल तिथलेच. शाळेत दीड-दोन दिवस बसलेल्या अण्णाभाऊंनी २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. टॅक्सी चालवणाऱ्या नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत कान देऊन ऐकलेली भाषा त्यांनी कवितेत आणली. २००१ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवात जाऊन त्यांनी ती कविता वाचली. हे सगळे लेखक चहाच्या टपरीवर, इराण्याच्या हॉटेलात, चाळीच्या जिन्यावर एकमेकांना लिखाण वाचून दाखवत मोठे झाले. एका कटिंग चहावर दोन तास बसता येते, ही मुंबईच्या हॉटेलांची साहित्यसेवाच म्हणायची. काळा घोड्याजवळच्या 'वेसाइड इन'मध्ये कवी अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र दर गुरुवारी बसत. तिथल्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडूवाल्या बाया आणि फुटपाथवर इडली खाणारी माणसे त्यांच्या कवितेत आली. ते हॉटेलही पुढे बंद झाले. औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले. नाव पाहा, लेखक आणि वाचक दोघेही एकाच मांडवात.

पण ही सगळी शहरातली उदाहरणे झाली. आपल्या वाशीमचे काय?

वाशीम हे साहित्याचे माहेर

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून आपण त्याला नवा जिल्हा म्हणतो. पण वाशीम गाव म्हणजे जुने वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी. त्या शाखेचा राजा सर्वसेन याने लोकांच्या प्राकृत भाषेत काव्य लिहिले. आज ते काव्य उपलब्ध नाही, पण नंतरच्या पंडितांनी त्याची वाखाणणी करून ठेवली आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या राजशेखर नावाच्या लेखकाने तर अशी कथा रचली की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्मात लागले. म्हणजे साहित्याच्या लग्नाचा मांडव आपल्याच जिल्ह्यात पडला! आणि याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. त्याचा शिलालेख तिथे आहे. अजिंठ्याला जाल तेव्हा सोळाव्या लेण्यापुढे दोन मिनिटे थांबा आणि मुलांना सांगा की हे दान वाशीमच्या राजाच्या मंत्र्याचे आहे.

त्या जुन्या काळातही ठरलेल्या दिवशी साहित्य ऐकायची रीत होती. वात्स्यायनाने शहरातल्या धनिकाची राहणी लिहिली आहे. पंधरवड्यातल्या किंवा महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी सरस्वतीच्या मंदिरात मेळा भरे, एकमेकांच्या घरी गोष्ठी होत, काव्यावर चर्चा चाले, आणि वेगळ्या बैठकीत मद्यपानही होई. म्हणजे बार आणि कविता यांचे नाते अमेरिकेने शोधले असे नाही. फरक एवढाच की त्या गोष्ठीत आपल्या माणसांना जागा नव्हती. मद्याचे पेले धुवायला मात्र कोणीतरी लागत असेल.

याच्याही आधीची एक गोष्ट विनयपिटकाच्या महावग्गात आहे आणि ती मला फार आवडते. राजगृहाला इतर पंथांचे परिव्राजक पंधरवड्याच्या अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्येला एकत्र जमत आणि आपला विचार सांगत. लोक ऐकायला जात आणि त्यांचेच होत. बिंबिसार राजाच्या मनात आले की आपल्या भिक्षूंनीही त्या दिवशी जमावे. त्याने भगवंतांना विनंती केली आणि भगवंतांनी ती मानली. भिक्षू ठरल्या दिवशी जमले. पण जमून काय केले? नुसते गप्प बसले! लोक धम्म ऐकायला आले होते, ते चिडले. मुक्या डुकरांसारखे काय बसता, जमलात तर काही बोला की, अशी त्यांनी तक्रार केली. तक्रार भगवंतांच्या कानी गेली. भगवंतांनी लोकांना दोष दिला नाही. जमल्यावर धम्म सांगत जा, असे भिक्षूंना सांगितले.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या साध्या लोकांची ही तक्रार आहे. ती आज आपल्या विहारांना लागू पडते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या विहाराकडे पाहून ठरवावे. जयंतीला रोषणाई, सहा डिसेंबरला मेणबत्त्या, आणि मधल्या काळात? पुष्कळ ठिकाणी किल्ली कोणाकडे आहे हेसुद्धा विचारत हिंडावे लागते.

मात्र सगळीकडे असे नाही, हेही सांगितले पाहिजे. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने गावोगावच्या विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. कुठे रोज, कुठे आठवड्याला, कुठे पौर्णिमेला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९७० साली त्याचा मराठी अनुवाद आला. ग्रंथाचे आठ खंड आहेत. त्यातली मांडणी नीट पाहा. छोटी छोटी वाक्ये, आणि प्रत्येकाला क्रमांक. पंडिताला असे क्रमांक कशाला हवेत? ते हवेत मोठ्याने वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला. "काल बाराव्यापर्यंत आलो होतो, आज तेराव्यापासून" असे म्हणता यावे म्हणून. बाबासाहेबांच्या मनात आपल्या विहारातली गोधडीवर बसलेली माय होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही, पण पुस्तक तिच्यासाठीच लिहिल्यासारखे आहे.

माझी एक फजिती

मी दहावीत असताना आमच्या वस्तीत हे वाचन माझ्याकडे आले. आवाज चांगला म्हणून माझी निवड झाली होती. मी जोरात सुटलो. एक पान, दोन पाने, तीन पाने. शाळेत धडा वाचतात तसा. समोर पंधरा-वीस बाया, दिवसभर निंदण करून आलेल्या. पुढच्या ओळीतली एक आजी हात वर करून म्हणाली, "बापू, थांब जरा. तुले बस गाठाची हाय काय?" सगळ्या हसल्या. मी लाजेने लाल झालो. मग ती म्हणाली, "मले वाचता येत नाही, पण आयकता तर येते ना? आयकू दे मले." त्यानंतर मी एक वाक्य वाचायचो आणि थांबायचो. ती मान हलवायची, मग पुढचे. पटाचारेची गोष्ट त्या दिवशी संपायला दीड तास लागला. नवरा गेला, दोन्ही लेकरे गेली, आईबाप गेले, तिथे आलो तर बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या. त्यांच्यातल्या एकीचे लेकरू त्याच वर्षी गेले होते. मला ते वाचताना आठवले नव्हते. ऐकणाऱ्या सगळ्यांना आठवले होते.

तेव्हापासून मी वाचनाला सोपे काम म्हणत नाही.

ग्रंथाबरोबर आपल्या माणसांची आत्मकथने वाचावीत असे मला वाटते. विशेषतः बायांनी लिहिलेली. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे किराणा दुकान चालवत. सामान बांधायला रद्दी यायची, ती बांधण्याआधी त्या वाचून काढत. मग स्वतः लिहू लागल्या. घरच्यांना कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवल्या, त्या कितीतरी वर्षे तशाच राहिल्या. त्याच वह्यांचे 'जिणं आमुचं' झाले. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले, पुढे त्यावर 'नाजुका' ही मालिका दूरदर्शनवर झाली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या आठवणी गोळा केल्या, त्याचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली निघाले. ऊर्मिलाताईंचे 'आयदान' २००३ चे. ही पुस्तके कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. बोलीत लिहिलेली आहेत, मोठ्याने वाचली की आपोआप बोलू लागतात. एक प्रकरण वाचायला साधारण अर्धा तास लागतो. नंतर ऐकणाऱ्या बाया आपले सांगू लागतात, आणि ते थांबवू नये.

मग बारमध्ये का नको?

भाच्याचा मुद्दा शिल्लक आहे. तो म्हणतो, "मामा, विहारात म्हाताऱ्या आणि लेकरं येतात. ज्यांनी ऐकायला पाहिजे ते बारमध्ये आहेत. पुस्तक तिथं न्या." तर्क खोटा नाही. अल्गारिन आणि स्मिथ यांनी हेच केले.

पण मी एक माणूस पाहिला आहे. त्याचे नाव सांगत नाही, घर अजून आहे. भीमगीते असा म्हणायचा की रात्री बारा वाजता लोक घोंगड्या घेऊन परत यायचे. एका बारवाल्याने त्याला बोलावले. संध्याकाळी दोन गाणी म्हण, जेवण फुकट, एक क्वार्टर फुकट. गिऱ्हाइके खूश होती. त्याच्या गळ्यामुळे गल्ल्यावर पैसे पडत होते. आधी गाण्यासाठी दारू मिळायची, मग दारूसाठी गाणे व्हायला लागले, आणि शेवटी गळाच गेला. त्याच्या बायकोने मला एकदा विचारले, "भाऊ, त्यायच्या गाण्यात बाबासाहेब व्हते ना? मग त्यायनं ह्या मानसाले धरून काऊन नाही ठेवलं?" मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही.

न्यूयॉर्कच्या बारमध्ये कविता ऐकणारा माणूस घरी गेल्यावर काय करतो ते मी पाहिलेले नाही. आपल्या वस्तीतला माणूस घरी गेल्यावर काय करतो ते मी पाहिले आहे. म्हणून माझे मत बदललेले नाही. पाचवे शील घेऊन त्याच जागी पुस्तक उघडायचे, हे मला जमणार नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी लिहावे, या पानावर जागा आहे.

आपल्या मायबहिणींनी या बाबतीत साहित्यिकांच्याही आधी निर्णय दिलेला आहे. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. उभी बाटली की आडवी बाटली, अशी चिन्हे असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. लक्षात घ्या, झालेल्या मतांच्या निम्मे नव्हे, यादीतल्या एकूण बायांच्या निम्मे. जी मजुरीला गेली, जी माहेरी गेली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखे होते. म्हणून मतदानाचा दिवस कोणता आहे ते ओरडून सांगावे लागते, कागद वाचून दाखवावा लागतो. वाचून दाखवणारी मुलगी इथेही लागतेच.

पण भाच्याच्या मुद्द्यातला एक भाग मी मानला. बारवाल्याकडे चार गोष्टी आहेत ज्या विहाराकडे नाहीत. दार उघडे असते. दिवा असतो. खुर्ची असते. आणि कोणी आत आले की "बसा भाऊ" म्हणणारा एकजण असतो. आपल्याकडे तरुण पोरगा विहारात आला तर त्याला पहिला प्रश्न काय विचारतात? "आज इकडं कसा काय?" दुसरा, "वर्गणी दिली काय?" मग तो परत येईल?

म्हणून जिथे पौर्णिमेचे वाचन सुरू करायचे आहे तिथल्या मंडळींसाठी अनुभवाच्या दोन-चार गोष्टी. वेळ रात्री साडेआठची ठेवा, सातची ठेवलीत तर भाकरी थापणारी बाई येऊ शकत नाही आणि तीच खरी ऐकणारी आहे. माईक लहान जागेत नको, त्याने वाचणाऱ्याला भाषणाची हुक्की येते. भाषण, हारतुरे, पाहुण्यांचा परिचय हे सगळे जयंतीला करा. त्रिशरण-पंचशील झाले की सरळ पुस्तक उघडा. वाचणारा दर वेळी वेगळा असू द्या, मुलगी असेल तर उत्तमच. एखादा पोरगा स्वतःची कविता घेऊन आला तर त्याला शेवटची दहा मिनिटे द्या, आणि शुद्धलेखन काढत बसू नका. मार्क स्मिथप्रमाणे ऐकणाऱ्यांना गुण द्यायला सांगितले तरी चालेल. आमच्याकडे त्या आजीने मला शून्य दिला असता. चहा मात्र हवाच, आणि तो पुरुषांनी करावा. सुरुवातीला आठ माणसे येतील. आठच येतील असे धरून आठांसाठी चहा ठेवा, म्हणजे वाईट वाटत नाही.

वर्षाला बारा पौर्णिमा, अधिक महिना आला तर तेरा. माझ्या भाच्याने आमच्या विहाराची किल्ली मागून घेतली आहे. येत्या पौर्णिमेला तो 'जिणं आमुचं' मधले पहिले प्रकरण वाचणार आहे. त्याचे दोन मित्र येतो म्हणाले आहेत. एकाने विचारले, "पिऊन आलो तर चालेल काय?" भाचा माझ्याकडे बघू लागला. मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून माझ्या बहिणीचा आवाज आला, "येऊ दे त्याले. मागं बसव म्हणा, माह्याजवळ."